सावित्रीकाठचा पाद्री

डोनाल्ड मिचेल हा तरुण स्कॉटिश पाद्री १८२३ च्या जानेवारीत मुंबई बंदरात उतरला. हा मुलूख त्याने आधी पाहिलेला होता. काही वर्षांपूर्वी तो कंपनीच्या पायदळात लेफ्टनंट म्हणून सुरतेला होता. पाद्र्याच्या घरात जन्मला असला तरी त्याने फौजेची वाट धरली होती. हिंदुस्थानातच त्याचं मन पालटलं, नोकरी सोडून तो मायदेशी गेला, धर्मोपदेशकाची दीक्षा घेतली आणि स्कॉटिश मिशनरी सोसायटीच्या वतीने परत आला. पश्चिम हिंदुस्थानात या सोसायटीने पाठवलेला हा पहिला माणूस. त्याच वर्षी नोव्हेंबरात पोलादपूर इथे तो वारला.

मुंबईला उतरल्यापासून पोलादपूरच्या मातीत जाईपर्यंत त्याला पुरते अकरा महिनेही मिळाले नाहीत. एवढ्या थोड्या काळात माणसाच्या हातून काय घडणार? पण महाड-पोलादपूरचं खोरं आणि महाराष्ट्रातलं स्कॉटिश मिशन यांची गाठ त्याच्यामुळे पडली, आणि त्या गाठीचे धागे पुढे पुण्यापर्यंत गेले. आपल्या जिल्ह्याच्या इतिहासात शिवकाळ येतो, चवदार तळं येतं. मधली जवळजवळ अडीचशे वर्षं मात्र कोरी राहतात. मिचेलची हकिकत त्या कोऱ्या भागातली आहे.

त्याला खरं तर पुण्याला जायचं होतं. मराठी मुलखाचं काळीज पुण्यात आहे हे मिशनच्या लोकांनी ओळखलेलं होतं. पण पेशवाई बुडून जेमतेम पाच वर्षं झाली होती आणि मुंबईच्या गव्हर्नरच्या गादीवर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन होता. १८१८ साली साताऱ्याहून काढलेल्या जाहीरनाम्यात त्यानेच रयतेला धर्माच्या बाबतीत हात न लावण्याचं अभय दिलं होतं. १८२१ मध्ये पुण्यात विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा उघडून ब्राह्मणवर्गाची मर्जी सांभाळण्याचा त्याचा प्रयत्न चालू होता. नव्याने जिंकलेल्या त्या शहरात पाद्री भर चौकात उभा राहून देवांना खोटं ठरवू लागला तर काय होईल, याचा हिशेब एल्फिन्स्टनच्या डोक्यात पक्का होता. वेल्लोरच्या १८०६ च्या शिपाई-बंडाची आठवण साहेबलोकांच्या मनातून गेली नव्हती. १८१३ पर्यंत तर कंपनी आपल्या मुलखात मिशनऱ्यांना थाराच देत नसे. त्या साली गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे दोघे अमेरिकन मुंबईला पोचले, तेव्हा त्यांना परत जहाजावर चढवण्याचा हुकूम निघाला होता. पुढे सनदेचा कायदा बदलला म्हणून ते टिकले.

तेव्हा पुणं नाही. कोकणात जा, असं ठरलं. मिशनने बाणकोट धरलं.

बाणकोटची निवड समजण्यासारखी होती. सावित्रीच्या मुखावरचा हा किल्ला आंग्र्यांकडून गेला आणि १७५६ पासून इंग्रजांकडे होता. त्यांनी त्याला व्हिक्टोरिया हे नाव दिलं. पश्चिम किनाऱ्यावर मुंबईबाहेर इंग्रजांनी अगदी सुरुवातीला मुलूख मिळवला तो इथे. म्हणजे मिचेल आला तेव्हा बाणकोटच्या लोकांना साहेब पाहून पासष्टहून जास्त वर्षं झाली होती. फौजेत शिपाई पुरवणारा हा मुलूख. गावोगावी कंपनीचे पेन्शनर. पण गंमत अशी की दक्षिण कोकणचा सरकारी कारभार १८२२ मध्येच बाणकोटहून रत्नागिरीला हलवला गेला होता. कचेऱ्या गेल्या, अंमलदार गेले, त्यांच्या मागे बाजारातली वर्दळ ओसरली, आणि अशा उतरत्या गावात नवा पाद्री येऊन राहिला.

बाणकोटहून वर महाडला जायचं ते पाण्यानेच. भरती लागली की मचवे खाडीतून आत शिरत. म्हाप्रळ मागे टाकून दासगावपर्यंत पाणी खोल, तिथून पुढे महाडपर्यंत लहान होड्या. ओहोटी लागली तर गाळात बसायचं आणि पुढच्या भरतीची वाट पाहायची. सावित्री आणि गांधारीच्या संगमावरचं महाड ही घाटमाथ्याची पेठ. वरून बैलांच्या पाठीवर माल उतरायचा आणि इथे होड्यांत चढून मुंबईला जायचा. कोकणी मुसलमान, वाणी, ब्राह्मण, कोळी, मराठे, महार अशी सगळी वस्ती या पेठेभोवती. राजकारणही या गावाने भरपूर पाहिलेलं. १७९६ मध्ये नाना फडणीस पुण्याहून निसटून इथे येऊन बसला आणि इथूनच त्याने निजामाशी संधान बांधलं. १८०२ मध्ये हडपसरच्या लढाईत होळकरापुढे हरलेला दुसरा बाजीराव याच वाटेने किनाऱ्याकडे पळाला आणि पुढे वसईचा तह करून बसला. १८१८ च्या मे महिन्यात कर्नल प्रॉथरच्या तोफांनी रायगड पेटवला, तेव्हा त्या आगीचा धूर महाडच्या लोकांनी डोळ्यांनी पाहिला असणार. मिचेल आला तेव्हा या आठवणी ताज्या होत्या. गोरा माणूस म्हटला की लोकांना आधी तोफ आठवायची, मग पोथी.

आता अशा पाद्र्याचा आठवडा कसा जाई ते पाहू. हा आठवडा मिचेलचा, आणि त्याच्या पाठोपाठ याच मिशनसाठी कोकणात आलेल्या जॉन कूपर, जेम्स मिचेल, अलेक्झांडर क्रॉफर्ड, जॉन स्टीव्हन्सन यांचाही. दिनक्रम बहुतेकांचा एकाच मुशीतला.

आठवड्याची सुरुवात रविवारच्या उपासनेने. किल्ल्यात आणि गावात जे चार गोरे उरले असतील त्यांच्यासाठी इंग्रजीत प्रार्थना आणि प्रवचन. परक्या मुलखातल्या त्या उपासनेत त्याला घरच्या भाषेत मोकळं बोलता येई. सोमवार उजाडला की पुढचे सहा दिवस मराठी.

सकाळी शास्त्रीबुवा यायचे. ओसरीवर अंतर राखून बसायचे, साहेबाच्या हातचं पाणी घ्यायचे नाहीत, आणि शिकवणी आटोपली की घरी जाऊन स्नान करायचे. पगारासाठी हे पाप पत्करणारे शास्त्री कोकणात मिळत, कारण पेशवाई गेल्यावर दक्षिणा आटली होती आणि घरं चालवायची होती. साहेबाच्या हाताशी साधनं तुटपुंजी. विल्यम केरीने श्रीरामपुराहून छापलेलं मराठी व्याकरण १८०५ चं आणि कोश १८१० चा, दोन्ही बंगालात बसून वैजनाथशास्त्र्यांच्या मदतीने केलेली. त्यांतली मराठी नागपूरकडची. सावित्रीकाठच्या कुळंब्याच्या बोलण्याशी तिचा मेळ कसा बसणार? व्हान्स केनेडीचा कोश १८२४ मध्ये निघाला आणि मोल्सवर्थचा मोठा कोश १८३१ मध्ये. म्हणजे मिचेलच्या वाट्याला यांतला एकही आला नाही. त्याला जी मराठी आली असेल ती शास्त्रीबुवांच्या तोंडून आणि बाजारात कान देऊन. ळ आणि ण जिभेवर बसवायचे, चहातला च वेगळा आणि चमच्यातला वेगळा हे कानाला शिकवायचं, आणि बालबोध येईपर्यंत मोडीची गाठ पडलेली असायची, कारण पत्रं, हिशेब, दस्तऐवज सगळं मोडीत.

दुपारी शाळा. मिशनच्या शाळा म्हणजे काही निराळी इमारत नव्हे. गावातला जो पंतोजी आधीच मुलं जमवून बसलेला असे, त्यालाच मिशनने पगार बांधून द्यायचा आणि महिन्यातून काही वेळा येऊन मुलांची परीक्षा घ्यायची. देवळाच्या पडवीत किंवा कुणाच्या ओसरीवर मुलं मांडी घालून बसलेली, समोर धूळपाटी. लाकडी फळीवर बारीक लाल धूळ पसरायची, तीवर काडीने अक्षर काढायचं, हाताने पुसायचं, पुन्हा काढायचं. धुळाक्षरं पक्की झाली की उजळणी: पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी. एक मुलगा पुढे म्हणतो, बाकीचे मागून ओरडतात. गलका इतका की वाटेवरून जाणाऱ्याला शाळा न पाहताही कळावी. या शाळेत मिशनने दोन गोष्टी नव्या आणल्या. एक छापील पुस्तक. मुंबईच्या अमेरिकन मिशनने १८१७ साली आठ पानांची मराठी पुस्तिका छापली होती आणि त्यानंतर त्यांचा छापखाना चालू होता. कोकणातल्या कित्येक पोरांनी आयुष्यात पहिलं छापील अक्षर पाहिलं ते मिशनच्या पुस्तकात. दुसरी गोष्ट, ख्रिस्ती धर्माची प्रश्नोत्तरं आणि दहा आज्ञा. पावकी-निमकीच्याच हेलात मुलं त्याही म्हणून टाकत. ब्राह्मण पंतोजी पगारासाठी त्या पाठ करून घेई आणि संध्याकाळी घरी जाऊन देवपूजा करी. मिशनऱ्यांना हे दिसत होतं, खुपतही होतं, पण पंतोजीशिवाय शाळा नाही आणि शाळेशिवाय गावात शिरकाव नाही.

संध्याकाळी आणि बाजाराच्या दिवशी उपदेश. इथे पाद्र्याची खरी कसोटी. एखाद्या झाडाखाली किंवा धर्मशाळेच्या पायरीवर उभं राहायचं, मोडक्यातोडक्या मराठीत येशूची गोष्ट सांगायची, आणि मग प्रश्न झेलायचे. कोकणातला माणूस प्रश्न विचारायला कधी लाजत नाही. तुमचा देव जन्माला आला म्हणता, मग राम-कृष्णांनी काय केलं? पाप एकाने केलं आणि दुसऱ्याने फेडलं, हा कुठला न्याय? प्राणी मारून खाता आणि दयेच्या गोष्टी सांगता? अशा प्रश्नांना पाद्र्याकडे पाठ केलेली उत्तरं असत, पण ती मराठीत वेळेवर सुचत नसत. या बाजारी वादांचीच वाढ होऊन पुढे मुंबईत १८३१ मध्ये मोरभट दांडेकर आणि मिशनरी जॉन विल्सन यांचा गाजलेला वाद झाला. मूर्तिपूजा करणाऱ्यांना उद्धट शब्दांत खिजवणारे पाद्री होते, हे लपवण्यात अर्थ नाही. आपलंच खरं आणि बाकी सगळा अंधार, ही त्यांची श्रद्धा होती. लोक चिडत ते योग्यच होतं. आणि तरीही लोक ऐकून घेत, उलट बोलत, मारामारीवर येत नसत. त्या खोऱ्यातल्या लोकांची ही सहनशीलता मला मोठी वाटते.

ख्रिस्ती धर्म या किनाऱ्याला अपरिचित नव्हताच. उत्तरेला चौल-रेवदंड्याला पोर्तुगीजांनी दोन शतकं राज्य केलं होतं. गोव्यात थॉमस स्टीव्हन्सचं ख्रिस्तपुराण १६१६ मध्येच छापून झालं होतं, तेही ओवीबद्ध मराठीत. पण लोकांच्या मनात फिरंगी म्हणजे बाटवणारा, विहिरीत पाव टाकणारा. त्यामुळे स्कॉटिश पाद्र्याने फक्त उपदेश केला तरी गावात कुजबुज होई की पोरं बाटणार. आणखी एक समाज या पाद्र्यांना अतिशय कुतूहलाचा वाटे, तो म्हणजे कुलाब्याच्या किनाऱ्यावरचे बेने इस्राएल, आपल्या बोलीतले शनवार तेली. घाणा चालवणारी, मराठी बोलणारी, पण शनिवारी काम बंद ठेवणारी ही माणसं बायबलातल्या जुन्या करारातून उठून आल्यासारखी त्यांना वाटली. पुढे विल्सनने खास त्यांच्यासाठी मराठीतून हिब्रू भाषेचं व्याकरण लिहिलं.

पावसाळ्याचे चार महिने बंदर बंद, वाटा बंद. अभ्यास आणि जवळपासच्या शाळा यांवर भागवायचं. खरा दौऱ्याचा काळ दिवाळीनंतर. भातं कापून होतात, उडव्या रचल्या जातात, वाटा कोरड्या पडतात. १८२३ च्या कार्तिकात मिचेल खोऱ्याच्या आतल्या बाजूला पोलादपूरपर्यंत आला.

महाडपासून पोलादपूर पाचेक कोसांवर. सावित्री इथे खाडी उरत नाही, दगडगोट्यांतून खळाळणारी नदी होते. पूर्वेला सह्याद्रीची भिंत उभी. आजचा आंबेनळी घाट पन्नासएक वर्षांनी झाला. तेव्हा वर चढायचं ते पार घाटाने, प्रतापगडच्या पायथ्याच्या पार गावावरून. घाटाखाली कंपनीचा अंमल, घाटमाथ्यावर साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांचं राज्य. महाबळेश्वरला गोऱ्यांची वस्ती अजून नव्हती. जनरल लॉडविक तिथे पोचला तो पुढच्या वर्षी, १८२४ मध्ये. गव्हर्नर माल्कमने ठाणं वसवलं ते १८२८ मध्ये. म्हणजे मिचेल वारला तेव्हा थंड हवेच्या त्या माथ्याचा गोऱ्यांना पत्ताही नव्हता, आणि तो त्याच्या पायथ्याशी पडला होता. डॉक्टर जवळ नाही, आपला माणूस जवळ नाही. ज्यांच्यासाठी तो आला होता तेच लोक शेवटी भोवती होते.

असे मृत्यू त्या पिढीत पुष्कळ झाले. तीन वर्षांनी, १८२६ च्या मार्चमध्ये, गॉर्डन हॉल नाशिक-त्र्यंबकच्या दौऱ्यावर असताना पटकीने गेला. त्या काळच्या पाद्र्यांच्या नावांपुढची सालं वाचत गेलं की जीव हळहळतो. त्यांचा धर्म पटो न पटो, तिशी-चाळिशीतली ही माणसं ठरवून आलेली होती, आणि परत जायची सोय त्यांनी मनातून काढून टाकलेली होती.

मिचेल गेला, मिशन थांबलं नाही. बाणकोट आणि हर्णै ही दोन ठाणी झाली आणि भोवतालच्या गावांत शाळा वाढत गेल्या. १८२७ मध्ये रॉबर्ट नेस्बिट हर्णैला आला. त्याची मराठी अशी की पडद्याआडून ऐकणाऱ्याला बोलणारा इथलाच वाटावा, अशी त्याची ख्याती होती. १८२९ च्या फेब्रुवारीत जॉन विल्सन मुंबईला उतरला आणि मराठी शिकायला थेट याच किनाऱ्यावर आला. काही महिन्यांतच तो मराठीतून बोलू लागला. पुढे ज्याच्या नावाचं कॉलेज मुंबईत उभं राहिलं, त्याच्या मराठीची मुळाक्षरं बाणकोट-हर्णैच्या वाऱ्यात गिरवलेली आहेत. जॉन स्टीव्हन्सनने १८३३ मध्ये मराठी व्याकरण लिहिलं आणि नंतर सामवेदाचं इंग्रजी भाषांतर केलं. धर्म शिकवायला आलेला माणूस वेदांचा अभ्यासक झाला, हे मला या सगळ्या हकिकतीतलं फार लोभस वळण वाटतं.

आणि जेम्स मिचेल. नावातल्या सारखेपणामुळे डोनाल्ड, जेम्स आणि नंतर आलेला जॉन मरे मिचेल यांची सरमिसळ होते, तिघे निरनिराळे. डोनाल्डला नाकारलेल्या पुण्याचे दरवाजे १८३० नंतर उघडले आणि जेम्स मिचेल कोकणातून उठून तिथे गेला. त्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत १८४१ ते १८४७ या काळात जोतीराव फुले शिकले. जोतीरावांच्या घडणीत त्या शाळेचा वाटा त्यांचे चरित्रकार एकमुखाने सांगतात. एल्फिन्स्टनला ज्याची धास्ती होती तेच घडलं, फक्त वेगळ्या रीतीने. शिक्षणावरच्या आपल्या टिपणात, मिचेलच्या मृत्यूच्या आगेमागेच, त्याने लिहून ठेवलं होतं की मिशनऱ्यांना खालच्या जातींतले विद्यार्थी सर्वांत चांगले निघतात असा अनुभव आहे, पण त्यांना खास उत्तेजन देताना सरकारने जपून राहावं. सरकार जपून राहिलं. मिशनच्या शाळेतून बाहेर पडलेल्या माळ्याच्या मुलाने १८४८ मध्ये मुलींची शाळा काढली आणि पाठोपाठ महार-मांगांच्या मुलांसाठीही काढल्या.

कोकणातलं मिशन मात्र आवरलं गेलं. १८३५ मध्ये सोसायटीचं काम स्कॉटलंडच्या चर्चने आपल्याकडे घेतलं तोवर सगळा भर मुंबई-पुण्यावर गेला होता. सावित्रीच्या खोऱ्यात मोठं धर्मांतर झालं नाही. उलट मिचेल वारला त्यानंतर दोन वर्षांनी, माणगावजवळच्या शिरवलीत विष्णुबुवा ब्रह्मचारी जन्मले. आणि याच बुवांनी १८५७ मध्ये मुंबईच्या समुद्रकिनारी दर गुरुवारी संध्याकाळी पाद्र्यांशी जाहीर वाद घालून त्यांना घाम फोडला. या मातीने पाद्र्यांना मराठी शिकवली आणि त्यांना उत्तर देणारा माणूसही दिला. महाड परिसरातल्याच रावढळचे गोपाळबाबा वलंगकर फौजेतून पेन्शन घेऊन आले आणि १८८८ मध्ये अस्पृश्यतेवर प्रश्नांची सरबत्ती करणारं विटाळविध्वंसन त्यांनी लिहिलं. त्यांनी धर्म सोडला नाही, धर्माला जाब विचारला. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर पाण्याच्या हक्कासाठी अस्पृश्यांनी जो सत्याग्रह केला त्याच्या आधीची ही वाट आहे, आणि ती एका माणसाने किंवा एका मिशनने घातलेली नाही. शाळा, फौज, बाजारातले वाद, छापील पुस्तक, सगळ्यांचे पाय तिच्यावर उमटलेले आहेत.

पोलादपूरला कवींद्र परमानंदांची समाधी आहे. शिवभारत लिहिणारा हा नेवाशाचा कवी इथे येऊन विसावला. तालुक्यातल्या उमरठला तानाजी मालुसऱ्यांची समाधी आहे. शाळांच्या सहली या दोन्ही ठिकाणी जातात आणि जायलाच हव्यात. महाड-पोलादपूरच्या शिक्षकांना आणि इतिहासप्रेमी मंडळांना माझी विनंती एवढीच की मुलांना या समाध्या दाखवताना १८२३ साली इथे वारलेल्या डोनाल्ड मिचेलचं नावही सांगावं, त्याच्या दफनाची जागा गावातल्या वडीलधाऱ्यांना विचारून नोंदवून ठेवावी, आणि तालुक्याचा इतिहास लिहाल तेव्हा त्याला निदान एक परिच्छेद द्यावा.